नो लिंग म्हणजे आपली भाषा : चौलच्या खाडीपलीकडची बोली आणि ओळखीचा प्रश्न

रायगड जिल्ह्यात अलिबागहून दक्षिणेकडे निघाले की नागाव, चौल आणि मग रेवदंडा लागते. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की कुंडलिका नदीच्या मुखापाशी, समुद्रात घुसलेल्या टेकडीच्या पायथ्याशी कोर्लई गाव आहे. टेकडीवर किल्ला आहे, दीपगृह आहे. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या येतात, फोटो काढून जातात. मात्र या गावात किल्ल्याच्या दगडांपेक्षा दुर्मीळ असे काहीतरी आहे, आणि ते फोटोत येत नाही. ते म्हणजे इथल्या ख्रिस्ती वस्तीची भाषा.

ही भाषा जगात दुसऱ्या कोणत्याही गावाची मातृभाषा नाही. बोलणारे सुमारे आठशे ते हजार. अभ्यासक तिला 'कोर्लई पोर्तुगीज' किंवा 'कोर्लई क्रिओल' म्हणतात. कोणी 'क्रिस्ती' म्हणतात. बोलणारे स्वतः तिला 'नो लिंग' म्हणतात. यातल्या 'लिंग'चा मराठीतल्या त्या शब्दाशी संबंध नाही. तो पोर्तुगीज 'लिंग्वा'वरून आला आहे. 'नो लिंग' म्हणजे आपली भाषा, इतकाच साधा अर्थ.

बौद्ध वाचकांसाठी चालणाऱ्या या पानावर एका ख्रिस्ती वस्तीच्या बोलीविषयी का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. आमचे उत्तर असे आहे की ओळख कोण ठरवतो, नोंदवहीत कोणाचे नाव चढते आणि कोणाचे राहून जाते, हे प्रश्न आपणही भोगले आहेत. म्हणून या भाषेची माहिती आम्ही सविस्तर देत आहोत.

चौलच्या भाषा

चौल हे फार जुने बंदर. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखनात ते 'सेमुल्ला', 'सिमुल्ला' अशा नावांनी येते. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत 'चेमुल' येथील दात्यांचा उल्लेख आहे. म्हणजे या बंदरात कमावलेला पैसा भिक्खुसंघाच्या निवासासाठी खर्च झाला होता. त्या लेखांची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. याच जिल्ह्यात राजपुरी खाडीच्या काठी कुडे लेणी आहेत. तिथल्या लेखांत राजघराण्यातील माणसांबरोबर माळी, लोखंडाचा व्यापारी, वैद्य असे दातेही आपापली ओळख सांगतात. आपला धंदा, आपले गाव, आपल्या माणसांची नावे त्यांनी दगडात कोरून ठेवली, तीही लोकांच्या भाषेत.

पुढे या बंदरात अरब आले. त्यांनी त्याला 'सैमूर' म्हटले. दहाव्या शतकात अल-मसूदी हा प्रवासी इथे येऊन गेला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथे उतरला. याच किनाऱ्यावर बेने इस्रायली ज्यूंनी मराठीला आपली भाषा केले. रेवदंड्यात त्यांचे प्रार्थनामंदिर आजही आहे. कोळी, आगरी, कोकणी मुसलमान, कातकरी, प्रत्येकाची बोली वेगळी. चौल परिसर कधीच एका भाषेचा नव्हता.

भाषा जन्मली कशी

पोर्तुगिजांना १५२१ मध्ये निजामशहाकडून चौलला किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. हे 'खालचे चौल' म्हणजे आजचा रेवदंडा. तटबंदीच्या आत चर्च, मठ, कोठारे आणि घरे उभी राहिली. समोरच्या कोर्लईच्या टेकडीवर निजामशाहीने बांधायला घेतलेला किल्ला त्यांनी १५९४ मध्ये जिंकला.

किल्ल्यात पोर्तुगालहून आले ते बहुतेक पुरुष. त्यांच्याभोवती स्थानिक बायका, घरकाम करणारे नोकर, गुलाम आणि नव्याने बाप्तिस्मा घेतलेली माणसे होती. गुलामांत आफ्रिकेतून आणलेलेही होते. लग्नाआधी बाईला ख्रिस्ती व्हावे लागे. ख्रिस्ती झालेल्यांत खालच्या मानलेल्या जातींतील लोक मोठ्या संख्येने होते, असे या भाषेचे अभ्यासक सांगतात. मालकाला मराठी येत नाही आणि नोकराला पोर्तुगीज येत नाही, अशा घरात काम चालवण्यासाठी एक बोली तयार झाली. शब्द बहुतांश पोर्तुगीज, पण व्याकरण सोपे झालेले. त्या घरांत जी मुले जन्मली त्यांची ती मातृभाषाच झाली. अशा भाषेला भाषाशास्त्रात 'क्रिओल' म्हणतात.

अशा बोली तेव्हा मुंबई, वसई, चौल, दमण, दीव या सगळ्या पट्ट्यात होत्या. पोर्तुगीज या भागाला 'उत्तरेचा प्रांत' म्हणत. गोमंतकीय विद्वान सेबास्तियांव रोडोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये या 'उत्तरेच्या' बोलीवर अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईच्या बाजूची बोली पुढे बोलण्यातून गेली. दमण, दीव आणि कोर्लई इथे ती आपापल्या रूपात टिकली.

मालक गेले, भाषा राहिली

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली. १७४० मध्ये चौल आणि कोर्लईही पोर्तुगिजांच्या हातून गेले. ज्यांच्याकडे जहाजाचे भाडे, जमीनजुमला आणि गोव्यात नातेवाईक होते, ते निघून गेले. ज्यांच्याकडे जायला काहीच नव्हते, ते इथेच राहिले. किल्ल्यातली गरीब ख्रिस्ती माणसे टेकडीखाली उतरली आणि शेती करू लागली.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पोर्तुगीज सत्ता गेली तेव्हा तिची भाषाही जायला हवी होती. सत्ता नाही, शाळा नाही, व्यापार नाही, मग ती भाषा बोलून फायदा काय? तरी ती पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. याची कारणे अभ्यासकांनी दिली आहेत. गावात ही वस्ती जातीने आणि धर्माने वेगळी पडली होती. लग्ने आपापसात होत. बाजारहाटासाठी खाडी ओलांडावी लागे. आणि चर्चमध्ये पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू १९६० च्या दशकापर्यंत येत राहिले.

म्हणजे ही भाषा टिकण्यामागे प्रेम होते, तसे वेगळे पाडले जाणेही होते. या गोष्टीचा गोड इतिहास करू नये. वस्तीला बाहेर ठेवले की तिची बोली जपली जाते, असे कौतुकाने सांगणारे पुष्कळ असतात. गावकुसाबाहेर राहण्याची किंमत काय असते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

'तोडकी पोर्तुगीज' नव्हे

क्रिओल भाषांना 'मोडकीतोडकी', 'भेसळ' म्हणण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी कोर्लईच्या भाषेचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९९६ मध्ये त्यांचा तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातून दिसते की या भाषेला स्वतःचे नियम आहेत.

पोर्तुगीज वाक्यात क्रियापद मध्ये येते. म्हणजे 'मी खातो भात' असा क्रम. मराठीत ते शेवटी येते, 'मी भात खातो'. कोर्लईच्या भाषेचा क्रम शतकांच्या सहवासात मराठीकडे सरकला आहे. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तर या भाषेने एक स्वतंत्र वर्गच तयार केला. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन वर्ग, आणि मराठीतून आलेल्यांसाठी चौथा, 'उ'काराने संपणारा. जी भाषा बाहेरच्या शब्दासाठी घरात नवी खोली बांधते, तिला मोडकी कसे म्हणावे?

आणि देवाणघेवाण एकाच बाजूची नव्हती. आपण रोज बोलतो त्या मराठीत पाव, चावी, बादली, साबण, इस्त्री, लिलाव, काजू, अननस असे कितीतरी शब्द पोर्तुगीजांकडून आले. बांधकामावर डोक्यावर घेतात ते घमेले आणि महिन्याच्या शेवटी मिळतो तो पगार, हेही तिथलेच. म्हणून मराठी 'भेसळ' ठरत नाही. मग कोर्लईकरांची भाषा का ठरावी?

आजची स्थिती

गेल्या साठ वर्षांत गावाभोवतीचे जग बदलले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने स्थानिक भाषांत उपासना सुरू केली आणि कोर्लईच्या चर्चमध्ये मराठी आली. प्राथमिक शाळा मराठीच. कुंडलिकेवर पूल झाला, साळावला लोखंडाचा कारखाना आला, नोकऱ्या आल्या. मुंबईला जाणे सोपे झाले.

यात वाईट काही नाही. शिक्षण, नोकरी आणि मोकळा रस्ता हा कोणत्याही वस्तीचा हक्क आहे. पण त्याचा परिणाम भाषेवर होतो. चर्चमध्ये मराठी, शाळेत मराठी, नोकरीत मराठी-हिंदी, मुलांच्या भवितव्यासाठी इंग्रजी. 'नो लिंग'साठी उरते ते घर, अंगण आणि शेजार. तिला स्वतःची लिपी नाही, पाठ्यपुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही. घराबाहेर लग्न झाले, मुले शहरात वाढली की एका पिढीत ही साखळी तुटू शकते.

सरकारी मोजणीतही ती दिसत नाही. १९७१ नंतरच्या जनगणनांत दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांची नावे स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९,५६९ होती. छाननी आणि गटवारीनंतर प्रसिद्ध झाल्या १२१ भाषा. हजारभर माणसांची बोली त्या चाळणीतून खाली पडते. राज्यघटनेचा अनुच्छेद २९ प्रत्येक नागरिकगटाला आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो. अनुच्छेद ३५०-क अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतो. परंतु जिचे नावच यादीत नाही तिच्यासाठी मागणी करायची कोणी आणि कशाच्या आधारावर? म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाकडे २०१३ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे दस्तऐवजीकरण करण्याची योजना आहे, हे इथे नोंदवले पाहिजे.

चेरोकींचा धडा आणि इशारा

लहान समाज आपली भाषा कशी राखतो याचे जगातले एक मोठे उदाहरण अमेरिकेतील चेरोकी या मूलनिवासी राष्ट्राचे आहे. ते स्वतःला 'त्सालागी' म्हणतात. १८२१ मध्ये सिक्वोया या चेरोकी माणसाने आपल्या भाषेसाठी अक्षरमाला पूर्ण केली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. गोऱ्यांकडे कागदावर बोलण्याची विद्या आहे एवढे त्याने पाहिले आणि स्वतःच्या लोकांसाठी ती स्वतः घडवली. १८२८ मध्ये त्या लिपीत वर्तमानपत्र निघाले.

त्याने त्यांचे विस्थापन टळले नाही. १८३० च्या कायद्यानंतर १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना त्यांच्या भूमीवरून उठवून आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आले. त्या वाटेवर आणि छावण्यांत सुमारे चार हजार माणसे मेली असे मानले जाते. पुढे निवासी शाळांत मूलनिवासी मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या.

आज चेरोकी राष्ट्राचे साडेचार लाखांहून अधिक नागरिक आहेत. भाषा अस्खलित बोलणारे मात्र सुमारे दोन हजार, आणि तेही बहुतेक वृद्ध. २०१९ मध्ये तिन्ही चेरोकी शासनांनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. संपूर्ण चेरोकीत चालणारी बालशाळा, प्रौढांना पगार देऊन भाषा शिकवण्याचा कार्यक्रम, ड्युरबिन फीलिंग या भाषातज्ज्ञांच्या नावाने २०२२ मध्ये उघडलेले भाषाकेंद्र, अशी कामे चालू आहेत. शासन, पैसा, लिपी आणि शाळा असूनही भाषा वाचवणे इतके अवघड आहे. कोर्लईकडे यातले काहीच नाही. पण एक गोष्ट आहे: घरात ती अजून बोलली जाते.

चेरोकींच्या इतिहासात एक इशाराही आहे. एकोणिसाव्या शतकात काही श्रीमंत चेरोकींनी काळे गुलाम बाळगले होते. १८६६ च्या कराराने मुक्त झालेल्या गुलामांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचे हक्क मिळाले. तरीही २००७ मध्ये मतदान घेऊन, चेरोकी रक्ताची नोंद नसलेल्या या वंशजांना बाहेर काढले गेले. २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांचे हक्क मान्य केले, आणि २०२१ मध्ये चेरोकींच्याच सर्वोच्च न्यायालयाने संविधानातील 'रक्ताने' हे शब्द काढून टाकले. स्वतः उखडला गेलेला समाजही दुसऱ्याला रक्ताची कसोटी लावू शकतो. ओळख जपताना ती जन्माच्या शुद्धतेवर उभी केली, तर तिथे जातीचीच भिंत उभी राहते.

कोर्लईची भाषा या बाबतीत आपल्याला काही शिकवते. तिच्यात मालकही आहेत आणि गुलामही, लिस्बनही आहे आणि चौलही. तिला शुद्ध करू गेलात तर ती उरणारच नाही.

तथागत आणि 'स्वतःची भाषा'

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू बंधू तथागतांकडे तक्रार करतात की निरनिराळ्या कुळांतून आणि जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात. तेव्हा ते छंदोबद्ध शिष्ट भाषेत बांधून टाकावे. तथागतांनी ही सूचना नाकारली आणि 'सकाय निरुत्तिया', म्हणजे स्वतःच्या भाषेत, बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. पुढे अट्ठकथेत 'स्वतःची' म्हणजे बुद्धांची, मागधी, असा अर्थ लावला गेला. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी तो शिकणाऱ्याची भाषा असा घेतला आहे. आम्हाला प्रसंगाच्या ओघाशी हाच अर्थ जुळतो असे वाटते. बोली बोलणाऱ्यामुळे धम्म बिघडतो हा आक्षेपच तिथे फेटाळला गेला आहे.

'सकाय निरुत्तिया' आणि 'नो लिंग' यांत दोन हजार वर्षांचे अंतर आहे. अर्थात मात्र अंतर नाही.

बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पाली व्याकरण आणि शब्दकोशाचे काम केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी, पाली आणि प्राकृत यांना अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद आपण साजरा केला आणि तो योग्यच होता. पण अभिजात दर्जा हा जुन्या ग्रंथांचा मान आहे. ज्यांच्याकडे ग्रंथच नाहीत त्या जिवंत बोलींचे काय? चौलपासून कान्हेरीपर्यंतच्या लेखांतली प्राकृत आज कोणाच्याही घरात बोलली जात नाही. ती दगडात आहे म्हणून वाचता तरी येते. कोर्लईची भाषा कोणी दगडात कोरलेली नाही.

काय करता येईल

पहिले काम मोजणीचे. प्रत्येक जनगणनेच्या वेळी आपण गावोगाव सांगतो की धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असेच लिहा. नोंद नसेल तर हक्क मिळत नाही हे आपण अनुभवाने शिकलो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू व्हायला १९९० साल उजाडले. धर्मांतरित दलित ख्रिश्चनांना त्या आजही नाहीत. जसा धर्माचा रकाना, तसाच मातृभाषेचाही असतो. २०२७ च्या जनगणनेत कोर्लईतील माणसाला आपल्या भाषेचे नाव सांगावेसे वाटले, तर प्रगणकाने ते जसेच्या तसे लिहिले पाहिजे. 'ही कसली भाषा, मराठीच लिहू या' असे होऊ नये. रायगडातील कातकरी, ठाकर वस्त्यांच्या बोलींनाही हेच लागू आहे. या कामात शिक्षक आणि तलाठी म्हणून आपली अनेक माणसे असतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरे काम ध्वनिमुद्रणाचे. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. वस्तीतील तरुणांनी आपल्या आजी-आजोबांच्या गोष्टी, शेतीचे शब्द, माशांची नावे मुद्रित करून ठेवली तर ते काम कोणत्याही ग्रंथाइतके मोलाचे ठरेल. लिपीचा प्रश्नही सोडवता येईल. मुलांना देवनागरी येतेच. मात्र कोणत्या लिपीत लिहायचे, मुळात लिहायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क बोलणाऱ्यांचा आहे, बाहेरच्या हितचिंतकांचा नाही.

तिसरे काम आपले, पाहुण्यांचे. कुडे लेणी, चौल, कोर्लई अशी सहल काढणारे आपले अनेक गट आहेत. कोर्लईला गेल्यावर 'पोर्तुगीज बोलून दाखवा' असे कोणाला सांगू नये. माणसे प्रदर्शनातल्या वस्तू नाहीत. त्यांच्या भाषेचे नाव मात्र नीट घ्यावे. ते 'नो लिंग' आहे.

राज्यकर्ते घेऊन आले म्हणून भाषा त्यांची होत नाही. जी माणसे तिच्यात मुलांना झोपवतात, भांडतात आणि मेलेल्यांसाठी रडतात, तिचे मालक तेच. पोर्तुगीज राजाच्या फौजा चौल सोडून गेल्या तेव्हा किल्ला, तोफा आणि घंटा मागे राहिल्या, आणि त्या आता निकामी आहेत. टेकडीखालच्या घरांत मात्र कोणीतरी आजही मुलाला जेवायला हाक मारते, आपल्या भाषेत. ती हाक ऐकून मूल त्याच भाषेत उत्तर देते आहे तोवर ती भाषा जिवंत आहे.